ऑलिव्हिए मेसियाँ आणि देवगिरीचे ताल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा मेसियाँ नक्की कोण?

ऑलिव्हिए मेसियाँ, फ्रेंच कंपोझर, ऑर्गन वादक आणि शिक्षक. जन्म १० डिसेंबर १९०८, आव्हिन्याँ शहरात, मृत्यू २७ एप्रिल १९९२, पॅरिसजवळच्या क्लिशीमध्ये. विसाव्या शतकातल्या युरोपियन संगीतात ज्यांच्यामुळे लयीचा विचारच बदलला अशा मोजक्या लोकांपैकी एक. आणि आपल्यासाठी खास गोष्ट ही की त्याच्या लयीच्या विचाराचं एक मोठं मूळ थेट आपल्या देवगिरीत आहे, म्हणजे आजचा दौलताबाद. हे ऐकून बऱ्याच लोकांना वाटतं की कोणीतरी अभिमानापोटी ओढूनताणून जोडलंय, पण तसं नाहीये, त्याने स्वतः लिहून ठेवलंय. खाली सविस्तर येईलच.

घरात संगीत होतं का?

संगीतापेक्षा साहित्य जास्त होतं. वडील पिएर मेसियाँ इंग्रजीचे शिक्षक, त्यांनी शेक्सपिअरचं फ्रेंचमध्ये भाषांतर केलं. आई सेसिल सोव्हाज कवयित्री. ऑलिव्हिए पोटात असताना तिने त्याच्यासाठी कवितांची अख्खी मालिका लिहिली आणि पुढे आयुष्यभर तो सांगत राहिला की माझ्यावर सगळ्यात पहिला आणि मोठा परिणाम त्या कवितांचा आहे. पहिल्या महायुद्धात वडील सैन्यात गेले तेव्हा आई दोन्ही मुलांना घेऊन ग्रनोबलला भावाच्या घरी राहायला गेली. तिथले आल्प्सचे डोंगर त्याच्या मनात असे बसले की मोठेपणी त्याने त्याच भागात, पेतिशे गावी तळ्याकाठी घर घेतलं आणि उन्हाळ्यात तिथेच बसून कंपोझिशन केलं. आई १९२७ मध्ये क्षयाने गेली, तेव्हा तो फक्त १८ वर्षांचा होता.

दहाव्या वर्षी त्याच्या एका शिक्षकाने त्याला फ्रेंच कंपोझर द्यबुसीच्या 'पेलेआस ए मेलिझांद' या ऑपेराचा स्कोअर, म्हणजे सगळी छापील स्वरलिपी, भेट दिला. लहान पोराला एवढी अवघड वस्तू कोण देतं, पण त्या शिक्षकाला काहीतरी दिसलं असणार, कारण मेसियाँच्या म्हणण्याप्रमाणे त्या भेटीनंतर आपण काय करायचं हे त्याच्या मनात पक्कं झालं.

शिक्षण कुठे झालं?

पॅरिस कॉन्झर्व्हातवार. १९१९ मध्ये, म्हणजे अकरा पण पूर्ण नव्हते, तेव्हा प्रवेश. कंपोझिशन पॉल द्युकांकडे, ऑर्गन मार्सेल द्युप्रेंकडे, संगीताचा इतिहास मोरिस एमान्युएल यांच्याकडे. एमान्युएल ग्रीक छंदांचे जाणकार होते, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. द्युका विद्यार्थ्यांना सांगायचे की पक्ष्यांचं ऐका, ते मोठे गुरू आहेत. बाकीच्यांनी मान डोलावली असेल, मेसियाँने ते शब्दशः मनावर घेतलं.

चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा म्हणजे ती त्याची नोकरी होती का?

हो, आणि किती वर्षं ते बघा. १९३१ मध्ये पॅरिसच्या सँत त्रिनिते चर्चचा ऑर्गनिस्ट झाला आणि मरेपर्यंत तिथेच होता, म्हणजे साठ वर्षांहून जास्त. जगभर नाव झालं, अमेरिकेत कॉन्सर्ट झाले, तरी पॅरिसमध्ये असला की रविवारी हा माणूस जिना चढून वर ऑर्गनपाशी जाऊन बसायचा. तिथला काव्हाये-कोल या नामांकित कारागिराने बांधलेला ऑर्गन त्याचा आयुष्यभराचा सोबती होता. 'ला नातिव्हिते द्यु सेन्यर' (१९३५) ही नऊ तुकड्यांची रचना त्याने ऑर्गनसाठी लिहिली आणि भारतीय तालांचा अभ्यास त्यात आधीच दिसायला लागतो.

देवगिरीचा संबंध खरंच आहे का? की व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड?

खरंच आहे, आणि मला वाटतं हे प्रत्येक मराठी संगीतप्रेमी माणसाला माहीत असायला हवं.

तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आले. हा राज्याच्या हिशेबखात्याचा वरिष्ठ अधिकारी, आणि त्याने देवगिरीला बसून 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय, त्यातला पाचवा तालाध्याय. त्यात मार्गी, म्हणजे जुने शास्त्रोक्त ताल आहेत आणि त्यानंतर १२० देशी, म्हणजे प्रदेशोप्रदेशी चालणाऱ्या तालांची यादी आहे, प्रत्येकाची नावासकट मोजमापं, द्रुत, लघु, गुरु, प्लुत (अर्धी, एक, दोन, तीन मात्रा) अशी.

आता फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाव्हिन्याक यांचा संगीताचा एक प्रचंड ज्ञानकोश निघाला. त्यात भारतीय संगीतावरचा लेख जोआनी ग्रोसे या फ्रेंच अभ्यासकाने लिहिला आणि शार्ङ्गदेवाची ती १२० तालांची यादी तिथे छापली. तरुण मेसियाँच्या हाती तो ज्ञानकोश लागला आणि तो त्या यादीत अक्षरशः बुडाला. कोणी उस्ताद नाही, कोणी पंडित नाही, रेकॉर्ड नाही, फक्त कागदावरच्या खुणा. त्याने त्या वर्षानुवर्षं घोकल्या, एकेक ताल सोडवला, त्यातून नियम काढले. त्याचा लयीवरचा सात खंडांचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला, त्याच्या पहिल्या खंडात हे १२० ताल एकामागून एक तपासलेले आहेत.

त्याला त्या तालांमध्ये एवढं काय सापडलं?

इथे शाळेतलं वृत्त आठवा. 'यमाताराजभानसलगं'. त्यातला र गण म्हणजे राजभा, गुरु-लघु-गुरु. उलटीकडून वाचा, परत गुरु-लघु-गुरुच. शार्ङ्गदेवाच्या यादीत ढेंकी नावाचा ताल आहे, तो हाच: गुरु, लघु, गुरु. दोन मात्रा, एक मात्रा, दोन मात्रा. मेसियाँने जेव्हा हे पाहिलं तेव्हा त्याला वाटलं की आपल्याला खजिना मिळाला, कारण ही लय पुढून वाजवा किंवा मागून, ती तीच राहते. अशा लयींना त्याने 'उलटवता न येणाऱ्या लयी' असं नाव दिलं आणि आयुष्यभर वापरल्या. आणि एमान्युएल सरांकडून शिकलेल्या ग्रीक छंदांमध्येही हाच दीर्घ-ऱ्हस्व-दीर्घ गण होता, म्हणजे दोन जुन्या परंपरांनी एकच गोष्ट त्याच्यासमोर ठेवली.

दुसरी गोष्ट विराम. शार्ङ्गदेवाकडे विराम म्हणजे मात्रेला जोडलेला छोटासा वाढीव भाग. सरळ चाललेल्या लयीत एखादा स्वर किंचित लांबतो आणि सगळी चाल हलते, लंगडी नाही होत, जिवंत होते. रागवर्धन तालाचा दाखला देऊन मेसियाँने यावर आपलं 'जोडलेल्या मूल्याचं' तत्त्व उभं केलं, मूल्य म्हणजे स्वराची लांबी. युरोपियन संगीत शतकानुशतकं दोन, तीन, चार अशा सारख्या ठोक्यांवर चाललं होतं, आणि त्याला त्यातून बाहेर पडायचं होतं. माझ्या मते त्याचं सगळं काम समजून घ्यायची किल्ली हीच आहे: त्याला मोजून दिलेला सारखा वेळ नको होता. ताल, पक्षी, धर्म, सगळीकडे तो तेच शोधत होता.

मग त्याच्या संगीतात तबल्यासारखा ठेका ऐकू येतो का?

नाही, आणि त्या अपेक्षेने ऐकाल तर निराश व्हाल. ठेका ही आपल्याकडेही शार्ङ्गदेवाच्या नंतरची गोष्ट. आवर्तन, सम, खाली यातलं काही मेसियाँकडे नाही. त्याने तालांकडे लयीचे आकार म्हणून पाहिलं, एक आकार दुसऱ्यावर ठेवला, तो लांबवला, आखूड केला. काही अभ्यासक म्हणतात की त्याने ताल त्यांच्या संदर्भातून काढून घेतले आणि ते बरोबरच आहे. पण चोरी म्हणणं मला पटत नाही. त्याने प्रत्येक ठिकाणी नाव घेऊन सांगितलं की हे शार्ङ्गदेवाचं आहे, हा रागवर्धन, हा चंद्रकला, हा लक्ष्मीश. आपल्याकडेच किती जणांना ही नावं माहीत आहेत?

कैदेतली ती गोष्ट काय आहे?

१९४० मध्ये तो फ्रेंच सैन्यात होता, डोळे कमजोर म्हणून लढाईवर नाही तर वैद्यकीय मदतनीस. जर्मनांनी पकडलं आणि ग्योर्लित्झ इथल्या स्टालाग आठ-ए या युद्धकैद्यांच्या छावणीत नेलं. ती जागा आज पोलंडच्या हद्दीत आहे. सोबत तीन वादक होते: क्लॅरिनेटवाला आँरी अकोका, चेलोवाला एतिएन पास्किए आणि व्हायोलिनवाला जाँ ल बुलेर. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो, असा मेळ सहसा कोणी मुद्दाम निवडत नाही, जे हाताशी होतं त्यासाठी त्याने लिहिलं. कार्ल-आल्बर्ट ब्र्युल नावाचा एक जर्मन पहारेकरी होता, त्याने कागद-पेन्सिल मिळवून दिली आणि नंतर सुटकेच्या कागदपत्रांसाठीही मदत केली.

१५ जानेवारी १९४१, कडाक्याची थंडी, सत्तावीस नंबरची बराक. कैदी आणि समोर बसलेले जर्मन अधिकारी यांच्यापुढे 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम' पहिल्यांदा वाजलं. आठ भाग. विषय बायबलच्या प्रकटीकरणातला, देवदूत येऊन जाहीर करतो की आता काळ उरणार नाही.

पहिल्याच भागात आपले ताल आहेत. पियानो रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश जोडून केलेली १७ मूल्यांची लय पुन्हा पुन्हा वाजवतो, आणि त्याच वेळी त्याच्या कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची, साखळी २९ ची आहे. १७ आणि २९ दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे दोन्ही परत एकत्र सुरुवातीला यायला ४९३ मूल्यं लागतील, आणि तो भाग तर त्याच्या कितीतरी आधी संपतो. म्हणजे समेवर येणं होतच नाही. वरती व्हायोलिन आणि क्लॅरिनेट पक्ष्यांसारखे गातायत, एक नाइटिंगेल, एक ब्लॅकबर्ड. युद्धकैद्यांच्या छावणीत देवगिरीचे तीन ताल वाजत होते, हे मी जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा अंगावर काटा येतो.

चेलोला तीनच तारा होत्या आणि पाच हजार लोक होते, हे खरं का?

मेसियाँ तसं सांगायचा. पास्किए, म्हणजे ज्याने तो चेलो प्रत्यक्ष वाजवला, तो म्हणायचा की चारही तारा होत्या. आणि त्या बराकीत हजारो माणसं मावणं शक्यच नव्हतं, काही शे असतील. पियानोच्या पट्ट्या मात्र दाबल्या की खालीच अडकायच्या, हे खरं. पास्किएवर विश्वास ठेवा, त्याने गोष्टीची किंमत तसूभर कमी होत नाही.

त्या बाकीच्या तिघांचं पुढे काय झालं?

याबद्दल कोणी फारसं विचारत नाही, विचारायला हवं. अकोका अल्जीरियात जन्मलेला ज्यू, त्याच्यासाठी ती कैद जास्त धोक्याची होती. १९४१ मध्येच त्याने क्लॅरिनेट घेऊन चालत्या ट्रेनमधून उडी मारली आणि निसटला. त्या क्वार्टेटमधला तिसरा भाग, 'पक्ष्यांची दरी', एकट्या क्लॅरिनेटचा, तो अकोकासाठी ग्योर्लित्झला पोचायच्या आधीच लिहिलेला होता आणि त्याने तो उघड्या मैदानात पहिल्यांदा वाजवून पाहिला, पास्किए स्टँडच्या जागी कागद धरून उभा. पास्किए आपल्या भावांच्या त्रिकूटात परत वाजवायला लागला. ल बुलेरने व्हायोलिन सोडलं आणि तो नट झाला.

त्याच्या संसाराबद्दल काय माहिती आहे?

पहिली बायको क्लेर देल्बो, स्वतः व्हायोलिनिस्ट आणि कंपोझर. १९३२ मध्ये लग्न, १९३७ मध्ये मुलगा पास्कल. तिला तो लाडाने 'मी' (Mi) म्हणायचा आणि 'पोएम पूर मी' ही गाणी तिच्यासाठी आहेत. युद्धाच्या शेवटी शेवटी एका ऑपरेशननंतर तिची स्मृती जायला लागली, पुढची सगळी वर्षं ती संस्थेत राहिली आणि १९५९ मध्ये गेली. मुलाला त्याने एकट्याने वाढवलं.

इव्होन लोरियो ही १९४१ मध्ये त्याच्या वर्गात आलेली विद्यार्थिनी. अफाट पियानिस्ट. 'व्हेंत रगार' सारख्या दोन तासांच्या पियानोच्या रचना तिच्या हातांकडे बघूनच लिहिल्या गेल्या. १९६१ मध्ये दोघांनी लग्न केलं. लोरियोचं नाव मेसियाँच्या नावाखाली बारीक अक्षरात छापतात ते मला अजिबात आवडत नाही, ती नसती तर यातलं निम्मं पियानोचं संगीत जन्मालाच आलं नसतं.

'तुरंगलीला' हे नाव संस्कृत आहे ना?

हो, आणि शार्ङ्गदेवाच्या यादीतल्या एका तालाचंच नाव आहे. मेसियाँने त्यात घोड्यासारखा धावणारा काळ आणि जगाची, प्रेमाची लीला असा अर्थ पाहिला. दहा भाग, सव्वा तासाच्या आसपास, प्रचंड मोठा ऑर्केस्ट्रा. बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी कंडक्टर कुसेव्हित्स्कींनी लिहायला सांगितलं आणि २ डिसेंबर १९४९ ला लिओनार्ड बर्नस्टाइनने पहिल्यांदा कंडक्ट केलं, पियानोवर अर्थात लोरियो.

यात ओंद मार्तनो नावाचं इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे, तारेला जोडलेली अंगठी बोटात घालून ती सरकवायची आणि सूर वर-खाली घसरत जातो. मींडची सवय असलेल्या कानाला ते लगेच जवळचं वाटतं, सिंफनीत ते ऐकू आलं की माना वळतात.

पक्ष्यांचं वेड खरंच एवढं होतं?

वेडच म्हणा. हा माणूस पहाटे अंधारात रानात जाऊन बसायचा, हातात वही, आणि कानाने ऐकून पक्ष्यांचं गाणं स्वरलिपीत उतरवायचा. पुढे लोरियो टेपरेकॉर्डर घेऊन बरोबर जायची, पण वही सुटली नाही. १९५२ पासून तो झाक दलामँ या पक्षीतज्ज्ञाकडे शिकायला गेला, कारण नुसतं आवडून चालत नाही, कुठला आवाज कोणाचा हे कळायला हवं. पक्षी फार वेगात आणि फार वर गातात, आपल्या वाद्यांना ते झेपत नाही, म्हणून तो गाणं थोडं हळू करायचा, खालच्या पट्टीत आणायचा आणि दोन स्वरांमधलं बारीक अंतर प्रमाणात मोठं करायचा.

'काताल्योग द्वाझो' म्हणजे पियानोवरचे तेरा तुकडे, प्रत्येक एका पक्ष्याचा आणि त्याच्या प्रदेशाचा. त्यातला सगळ्यात लांब तुकडा अर्ध्या तासाचा, दलदलीतल्या बोरूच्या बेटात राहणाऱ्या एका छोट्या पक्ष्याचा, आणि त्यात मध्यरात्रीपासून पुढच्या रात्री तीनपर्यंतचे सत्तावीस तास आहेत. बेडूक, धुकं, सूर्योदय, सगळं. लोकांना वाटतं की काहीच होत नाहीये, पण तळ्याकाठी पहाट पाहिलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

आणि 'वाझो एग्झोतिक' (१९५६) यात आपले पक्षी आहेत! शामा आहे, डोंगरी मैना आहे, आणि सोनेरी कपाळाचा पर्णपक्षी, हरेवा म्हणतात तो. शामा आणि हरेवा सह्याद्रीच्या रानात आजही ऐकू येतात. त्याच रचनेत खाली तालवाद्यांवर शार्ङ्गदेवाचे ताल आणि ग्रीक छंद चालू असतात.

त्याला सूर ऐकून रंग दिसायचे म्हणजे काय?

कॉर्ड ऐकला की मनात रंग उमटायचे. डोळ्यांसमोर नाही, आत. एका विशिष्ट स्वररचनेला निळा-जांभळा, दुसरीला केशरी, असं तो अगदी नेमकं लिहून ठेवायचा आणि ते बदलायचं नाही. लहानपणी पॅरिसच्या सँत शापेलमधल्या रंगीत काचा पाहून तो भारावला होता. त्याच जागी १९६५ मध्ये, दोन्ही महायुद्धांतल्या मृतांसाठी लिहिलेली त्याची मोठी रचना पहिल्यांदा वाजली.

शिक्षक म्हणून कसा होता?

विद्यार्थ्यांची यादीच बघा, सगळे पुढे नावाजलेले कंपोझर: पिएर बुलेझ, श्टॉकहाउझेन, झेनाकिस, म्युराय, ग्रिझे, जॉर्ज बेंजामिन. एकाचं संगीत दुसऱ्यासारखं नाही, यातच सगळं आलं. झेनाकिस तिशीचा, इंजिनिअर, हार्मनी पहिल्यापासून शिकू का असं विचारत आला. मेसियाँने सांगितलं नको, तू ग्रीक आहेस, गणित येतं, आर्किटेक्चरचं काम केलंयस, तेच संगीतात आण. असा सल्ला द्यायला धैर्य लागतं. बुलेझला तुरंगलीला मुळीच आवडली नव्हती आणि तो ते उघड बोलला, तरी गुरू-शिष्याचं नातं टिकलं आणि पुढे बुलेझने मेसियाँचं बरंच संगीत कंडक्ट केलं.

मी ख्रिश्चन नाही, मला हे भिडेल का?

तो कट्टर श्रद्धाळू कॅथलिक होता, ते झाकायची गरज नाही. भारतीय ताल वापरले म्हणून तो मनाने हिंदू होता वगैरे लिहिलेलं दिसतं ते साफ चुकीचं आहे, ताल त्याने आपल्या ख्रिस्ती श्रद्धेच्या सेवेलाच लावले. पण अभंग ऐकताना भिडायला ऐकणारा वारकरीच असावा लागतो असं कुठे आहे?

त्याचा ऑपेराही आहे ना?

एकच, 'सँ फ्रांस्वा दासीझ', असिसीच्या संत फ्रान्सिसवर. १९७५ ला सुरुवात, २८ नोव्हेंबर १९८३ ला पॅरिस ऑपेरात पहिला प्रयोग, कंडक्टर सेइजी ओझावा. चार तासांहून जास्त. संत पक्ष्यांना उपदेश करतो तो प्रवेश जवळजवळ पाऊण तासाचा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने इथून सुरुवात करू नये.

झुबिन मेहतांचं नाव यात कुठून येतं?

मेसियाँची शेवटची पूर्ण झालेली मोठी रचना 'एक्लेर स्युर लोदला', न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १५० व्या वर्षासाठी लिहिलेली. ५ नोव्हेंबर १९९२ ला ती पहिल्यांदा वाजली, कंडक्टर आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. मेसियाँ एप्रिलमध्येच गेला होता, त्याला ती ऐकायला मिळाली नाही.

सुरुवात कुठून करू?

क्वार्टेटचा पाचवा भाग, चेलो आणि पियानो. आठ-नऊ मिनिटं, पियानो फक्त हळू कॉर्ड देतो आणि चेलो एका लांब श्वासात गातो, विलंबित ऐकणाऱ्याला ही गती परकी वाटणार नाही. मूळची ती १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी सहा ओंद मार्तनोंवर लिहिलेली चाल, कैदेत आठवणीतून परत काढलेली. मग सहावा भाग, चौघं एकाच सुरात, तिथे विराम आणि उलटवता न येणाऱ्या लयी हाताने मोजून बघा, चारच्या मात्रेत बसवायचा प्रयत्न केलात की दोन ओळींत हात चुकेल. मग पहिला भाग, पियानोवर कान ठेवून. नंतर तुरंगलीलाचा पाचवा भाग, मोठ्या आवाजात. पक्षी त्यानंतर, आणि ते सकाळी लवकर ऐका, खिडकी उघडी ठेवून.